निघताना म्हणायचा शब्द

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने कुणी हाक मारली असती तर तिने वळूनही बघितलं नसतं, इतकं हे नाव तिच्या अंगवळणी पडलं होतं. एका जागी बसणं ही तिला लहानपणापासूनच शिक्षा वाटायची. आई म्हणायची, "हिला खुर्चीला बांधून ठेवलं, तर ही खुर्चीसकट गावभर फिरून येईल." अशी ही बाई बेचाळिसाव्या वर्षी परक्या देशात, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन पडली. नवरा वेल्डर. तो डबा घेऊन कारखान्यात गेला की संध्याकाळपर्यंत भिंगरी आणि चार भिंती. भांडी घासून व्हायची, ओटा पुसून व्हायचा, पुसलेला ओटा परत पुसून व्हायचा, तरी दिवस काही सरकायचा नाही.

तिला बाहेर पडायची भीती वाटायची असं नाही. पण तिथल्या इमारती सगळ्या एका साच्यातल्या, पाट्या वाचता न येणाऱ्या, आणि कुणाला विचारावं तर बोलायचं कुठल्या भाषेत? पहिल्याच आठवड्यात ती दूध आणायला उतरली आणि येताना शेजारच्या इमारतीत शिरून एका परक्याच दाराच्या कुलपाशी झटापट करत बसली. किल्ली लागेना म्हणून तिने दारालाच चार शब्द सुनावले. आतून बनियन घातलेला एक धिप्पाड माणूस बाहेर आला. आधी ती किंचाळली, मग तो किंचाळला.

हा किस्सा ऐकला आणि थोरली नणंद पुढच्याच सुट्टीला हजर झाली. नणंदेला या देशात येऊन बरीच वर्षं झाली होती. बोलायला फटकळ, मनाने मऊ, आणि फोनच्या बाबतीत तर स्वतःला पंडितच समजायची. तिने चहाही घेतला नाही. भावजयीचा फोन ओढून घेतला आणि त्यात एकामागून एक ॲप भरत सुटली.

"हे बघ, हा नकाशा. हा निळा ठिपका म्हणजे तू. घर कुठे ते मी यात घालून ठेवलंय, म्हणजे परत लोकांची दारं उघडायला जाऊ नकोस. हे बसचं. बस कुठवर आलीय ते दाखवतं. हे बँकेचं, याचा आकडा कुणालाही सांगायचा नाही, माझ्या भावालासुद्धा नाही. हे डॉक्टरांची वेळ घ्यायचं. हे हवामानाचं, इथे बाहेर पडताना आभाळ बघून काही कळत नाही, हेच बघायचं. हे शेजारपाजाराचं. कुणाला जुनं कपाट द्यायचं असतं, कुणाला घरकामाला माणूस हवं असतं, सगळं यात येतं. आणि हे भाषांतराचं. तू मराठीत बोल, हे त्यांच्या भाषेत बोलेल. ते बोलले की तुला मराठीत सांगेल."

"म्हणजे मला त्यांची भाषा शिकायला नको?"

"शिक की! पण तोवर मुकी राहू नकोस एवढंच."

"वन्सं, याने सगळं होतं, तर मग हे पोळ्यापण लाटतं का बघा ना," भिंगरी म्हणाली. नणंदेने तिच्या पाठीत धपाटा घातला.

झालं. आधी नुसते पाय अस्वस्थ होते, आता हातही झाले. फोन वाजला की ही दचकून उठायची. हवामानवाल्याला वाऱ्याची काळजी, बसवाल्याला संपाची, शेजारपाजारवाल्यांचं कुणाचं ना कुणाचं मांजर हरवलेलं. तिला त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण वाजलं की बघायचंच. ज्यात कधी बसायचं नव्हतं अशा बसगाड्या ती घरी बसून न्याहाळायची. बेचाळीस नंबर थांब्यावर आली, बेचाळीस नंबर सुटली. सगळ्यात जास्त ती नकाशा बघायची. खिडकीशी बसून स्वतःचा निळा ठिपका शोधायची. गंमत म्हणजे ती गप्प बसली तरी तो ठिपका जरा इकडे, जरा तिकडे हलत राहायचा. तिला वाटायचं, चला, या देशात निदान या ठिपक्याला तरी आपला स्वभाव कळला.

पण विनोद करून दिवस जात नाही. तिला आतून कोंडल्यासारखं व्हायचं. एकदा नवरा घरी आला तेव्हा ती जिन्यात बसून रडत होती. का, तर म्हणे दिवसभरात कुणी तिच्याशी एक शब्द बोललं नाही. त्याने नणंदेला फोन लावला, आणि नणंदेने शेजारपाजाराच्या ॲपमधून काम हुडकून काढलं. बसने चार थांबे गेलं की एक म्हातारी एकटी राहते, तिची मुलगी दुसऱ्या शहरात असते, दिवसभर सोबतीला बाई हवी. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. कामाचा परवाना भिंगरीकडे होता. भाषेचं काय, असं मुलीने विचारलं, तेव्हा नणंद म्हणाली, फोन आहे की.

म्हातारी म्हणजे उंच, काटकुळी, नाक धारदार. तरुणपणापासून तिने त्याच भागात पायी हिंडून टपाल वाटलं होतं. आता तिला फार काही आठवत नसे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरायची, भिंगरीचं नाव तर तिला कधीच लक्षात राहिलं नाही. पण पाय मात्र शाबूत होते. फिरायला जायचं म्हटलं की तिचे डोळे चमकायचे. लगेच खुंटीवरचा कोट अंगात, बूट पायात, आणि दाराजवळच्या खुर्चीत तयार होऊन बसायची. मग दोघी निघायच्या, गल्ल्यागल्ल्यांतून, बागेला वळसा घालून, पुलापर्यंत. प्रत्येक दारासमोर म्हातारी क्षणभर थांबायची आणि पत्रपेटीकडे बोट दाखवून काहीतरी सांगायची. भिंगरीला पहिल्यांदाच तिच्याइतकी चालणारी बाई भेटली. दोघींचं गूळपीठ जमायला वेळ लागला नाही.

भिंगरी तिला आजी म्हणायची. बोलणं सगळं फोनमधून, आणि फोनमधलं यंत्र बोलायचं सरकारी बातम्यांसारखं. आजी साधंसं काही म्हणायची आणि यंत्र मराठीत सांगायचं, "महोदया, आपण आसनस्थ व्हावे." भिंगरी हसून हसून लोळायची. उलट बाजूनेही घोटाळे कमी नव्हते. एकदा बसच्या पासाचं काहीतरी अडलं तेव्हा ती वैतागून फोनसमोर म्हणाली, "नसता डोक्याला ताप!" यंत्राने इमानेइतबारे भाषांतर केलं. आजी लगबगीने उठली, कपाटातून थर्मामीटर आणलं आणि भिंगरीच्या काखेत खुपसून तिला कोचावर झोपवलं. ताप नाही हे बघूनच तिचं समाधान झालं. परक्या देशात आपला ताप कुणी बघितला, याचं भिंगरीला त्या दिवशी भारी वाटलं. त्यानंतर घरातला ओटा दोनदा पुसायची तिला कधी गरज पडली नाही.

आणि मग नणंदेचा फोन आला.

"काय गं, तू त्या म्हातारीला रोज काय थापा मारतेस?"

"मी? थापा?"

"तिची मुलगी भयंकर चिडलीय. म्हणाली, तुमची भावजय रोज संध्याकाळी आईला 'मी येतेय' असं सांगते, आणि निघून जाते. आई कोट घालून, बूट घालून दारापाशी बसून राहते. तिच्याकडे त्या घराचा कॅमेरा आहे ना फोनमध्ये, त्यात सगळं दिसतं. म्हातारी जेवत नाही, अंथरुणावर जात नाही. खुर्चीतच झोप लागते तिला. परवा खुर्चीतून खाली सरकली."

भिंगरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. "वन्सं, देवाशपथ, मी असं काही म्हणत नाही. मी फक्त निघताना म्हणते—"

ती थांबली. पलीकडे नणंदही थांबली.

"काय म्हणतेस?"

"येते."

नणंद हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला. भिंगरी मात्र हसली नाही. तिने भाषांतराचं ॲप उघडलं आणि त्यात म्हणाली, "आजी, येते मी." मग यंत्राने जे उत्तर दिलं ते परत मराठीत फिरवून ऐकलं. यंत्र शांतपणे म्हणालं, "आजी, मी येत आहे."

इतके दिवस रोज संध्याकाळी ती पर्स खांद्याला अडकवून, तोंड भरून हे सांगून निघत होती. आणि ती दिसेनाशी झाली की तिच्या मागे ती म्हातारी कोट घालून, फिरायला जायचं म्हणून बसत होती. भिंगरीला लाजेने मेल्यासारखं झालं. रागही आला, यंत्राचा, मुलीचा, स्वतःचा. त्या कॅमेऱ्याचाही आला.

"मग मी उद्या येते असं म्हणत जाईन," ती म्हणाली.

"तेही मी सुचवलं. मुलगी म्हणते, आईच्या डोक्यात 'उद्या' राहत नाही, 'येते' तेवढं राहतं. स्वच्छ 'जाते' म्हणायचं, नाहीतर दुसरी बाई बघू. शुक्रवारी ती स्वतः येतेय. तिच्यासमोर म्हणून दाखव."

आता सांगायला हवं, की ही गोष्ट काही फार अवघड नव्हती. एक शब्द. लहान मूलही म्हणेल. पण लहान मुलाने म्हटलं की घरातलं मोठं माणूस त्याला तिथेच थांबवतं, हीच तर गोम आहे. भिंगरीने आईला व्हिडिओ कॉल लावून सगळं सांगितलं, तेव्हा आई चष्मा सारखा करत म्हणाली, "जाते म्हणू नये गं बाई. म्हातारं माणूस आहे ते. जाते काय!"

"अगं, पण इथे तसं नसतं."

"तिथे काही असो. तू माझी मुलगी आहेस ना?"

नवऱ्याचं वेगळंच. "तू कशाला जीव जाळतेस? बटण दाब, यंत्र म्हणेल. पाप लागलंच तर फोनला लागेल."

"अहो, पण आधी मलाच बोलायला लागतं ना!"

हेही खरंच होतं. यंत्र स्वतःहून काही बोलत नाही, आधी माणसाला तोंड उघडावं लागतं. भिंगरीने स्वयंपाकघरात उभं राहून सराव केला. जा... म्हणेपर्यंत ठीक, पुढे जीभ अडायची. शब्दच असा, की तो म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर आजी नाही तर रिकामी खुर्ची यायची.

शुक्रवारपर्यंत तिने पळवाट काढली. आजी आतल्या खोलीत गेली की चोरासारखी पर्स उचलायची आणि काहीच न बोलता सटकायची. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात झालं. दुसऱ्या दिवशी नणंदेकडून कळलं, म्हातारी सगळ्या खोल्या शोधत फिरली, कपाटंसुद्धा उघडून बघितली. भिंगरीला त्या रात्री अन्न गोड लागलं नाही. तिने ठरवलं, बास. म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. काम गेलं तर परत चार भिंती आणि बेचाळीस नंबरची बस. आणि आजीकडे दुसरी कोण येईल, ती तिला फिरवेल की खुर्चीत बसवून ठेवेल, याचा काय नेम?

शुक्रवारी दुपारी मुलगी आली. पन्नाशीची, आईसारखीच उंच, पण आईच्या पायांतलं वारं तिच्या बोटांत शिरलेलं. सारखी ती फोनवर. भिंगरीशी तुटक वागली, पण उद्धट नाही. तिने आईचं खाणं बघितलं, औषधं बघितली, बाथरूममधली चटई बघितली. भिंगरी तिच्या मागे मागे फिरत राहिली, हात पदराला पुसत, जणू परीक्षेचा निकाल लागायचाय. मधेच तिला आपलंच हसू आलं.

संध्याकाळ झाली. मुलीची गाडी परतीला निघायची होती, तिनेही कोट चढवला. आजी कोचावर बसलेली. मुलगी दाराशी उभी राहिली आणि तिने भिंगरीला खुणावलं, म्हण.

भिंगरीने फोन तोंडापाशी धरला. आजी तिच्याकडे बघत होती.

"आजी," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. "जाते मी."

यंत्राने ते तिथल्या भाषेत सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं असणार, कारण मुलीने समाधानाने मान हलवली.

पण आजीने यंत्राकडे बघितलंच नाही. ती भिंगरीच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती उठली, जवळ आली आणि तिने भिंगरीचं मनगट घट्ट पकडलं. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आणि मग, वाकड्यातिकड्या उच्चारात, पण कुणालाही कळेल असा तो शब्द बाहेर आला.

"येते?"

भिंगरीच्या हातातून फोन खाली पडायचाच बाकी राहिला. नाव लक्षात न राहणाऱ्या बाईने तिचा शब्द लक्षात ठेवला होता. रोज संध्याकाळी यंत्र बोलायच्या आधी भिंगरीच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो आजीने कानात जपून ठेवला होता. आज तोच आला नाही म्हणून तिचा जीव घाबरा झाला होता.

"येते," भिंगरी म्हणाली. तिला रडू आवरेना. "येते, आजी. येते."

हे म्हणताना तिने फोनचं बटण दाबलंच नव्हतं, त्यामुळे या वेळी कुणी काही भाषांतर केलं नाही. आजीने तिचं मनगट सोडलं. दोन क्षण तिच्याकडे बघितलं, आणि खुंटीवरच्या कोटाकडे ढुंकूनही न बघता ती आत झोपायच्या खोलीत गेली. आतून पलंग करकरल्याचा आवाज आला.

मुलगी बघतच राहिली. तिने स्वतःच्या फोनमधलं भाषांतर उघडलं. यंत्र म्हणालं, "आपण माझ्या मातोश्रींना काय सांगितले?"

"येते," भिंगरी नाक पुसत म्हणाली.

यंत्राने सांगितलं, मी येत आहे. मुलीचा चेहरा परत कडक झाला. भिंगरीने हाताने नको नको केलं, तिचा फोन हळूच खाली ढकलला आणि होते नव्हते तेवढे हातवारे केले. आपण दारातून बाहेर जातोय असं दाखवलं. मग बोटं वळवून परत आत येतोय असं दाखवलं. मग दोन्ही हात गालाखाली ठेवून झोप, आणि झोपेनंतर सूर्य. सूर्य काही तिला नीट जमला नाही, पण मुलीला कळलं. हळूहळू कळलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती दर महिन्याला येत असे, आणि निघताना काय म्हणत असे कोण जाणे.

मग तिने भिंगरीकडे बोट दाखवलं, तोंडापाशी हात नेला. परत म्हण.

"ये-ते," भिंगरी सावकाश म्हणाली.

"येते," मुलगी म्हणाली. तिला आईपेक्षा बरं जमलं. तिने अजून दोनदा म्हणून बघितलं. मग कोटाची बटणं लावत ती झोपायच्या खोलीच्या दाराशी गेली, दाराच्या चौकटीला हात टेकवला आणि आत वाकून म्हणाली, "येते."

आतून उत्तर आलं. तिथल्या भाषेत, एकच शब्द. तो कळायला भिंगरीला यंत्राची गरज नव्हती. आजी दिवसभर तोच विचारायची, जेवण कधी, फिरायला कधी. भिंगरीला मात्र तिने निघताना तो कधी विचारला नव्हता.

"कधी?"

मुलीचा हात चौकटीवर तसाच राहिला. ती वळली नाही, आत गेली नाही. भिंगरीला ते बघवेना. तिने पर्स उचलली आणि जिना उतरून ती रस्त्याला लागली. बसचं ॲप सांगत होतं, गाडी येतेच आहे, पण ती थांब्यावर थांबली नाही, चालतच सुटली. तिची आईही प्रत्येक फोनला हाच एक शब्द विचारत असते, आणि प्रत्येक वेळी भिंगरी "ऐकू येत नाहीये गं, आवाज तुटतोय" असं म्हणून फोन ठेवून देते.